सिंगल बेल

ड्रायव्हर : ...आणि ही नाडी आजच्यापुरती. संध्याकाळी पळण्याच्या क्लबात जोडीदार म्हणून दुसरं नाव देणार आहे मी.

कंडक्टर : द्या. पण आत्ता हात तरी पुढे करा. मनगटात घालतो.

ड्रायव्हर : माझी मी घालतो. आंधळा झालोय, लुळा नाही झालो.

कंडक्टर : दाजी, पीळ पडलाय तिला.

ड्रायव्हर : असू दे. मला पिळाचीच घालायची आहे.

बायको : अहो, सकाळी सकाळी रस्त्यात तमाशा नको. तो समोरचा दुकानदार शटर अर्ध्यावर धरून तुमच्याकडे बघत उभा राहिलाय.

ड्रायव्हर : बघू दे. ज्याला दिसतं त्याने बघावं.

बायको : आणि नाडीला नावं ठेवू नका. तुमच्या चांगल्या पायजम्यातली काढून, दोन्ही टोकांना कडी शिवून दिली आहे मी. तो पायजमा तेव्हापासून पिनेवर आहे.

ड्रायव्हर : म्हणूनच म्हणतो, आज सोडव आणि परत ओवून टाक पायजम्यात. तिथे तरी काही धरून ठेवेल.

कंडक्टर : दुसरं नाव कोणाचं देणार आहात?

ड्रायव्हर : तुला काय करायचंय? बरं, ऐक. तो दातांचा डॉक्टर.

कंडक्टर : तो? अहो, त्याचं तोंड मिनिटभर बंद नसतं. पेशंटचं तोंड उघडं ठेवून स्वतःच बोलत बसतो तो!

ड्रायव्हर : तसाच हवाय मला. न दिसणाऱ्याला घेऊन पळणाऱ्याचं तोंड चालू पाहिजे. तुझं ऐन वेळी बंद पडलं.

कंडक्टर : आली. शर्यत आली. अजून बुटाची गाठ मारली नाही तोवर शर्यत आली.

ड्रायव्हर : येणारच. जन्मात पहिल्यांदा शर्यतीत पळालो. पाच किलोमीटर, काही फार मोठी गोष्ट नाही, शाळेतल्या मुली पळतात. तेवढीही तू मला सरळ पळू दिली नाहीस.

बायको : झालं तुमचं? आता पळा. मी सायकलवर मागून येते. पाण्याची बाटली माझ्याकडे आहे.

कंडक्टर : ताई, सायकलची घंटी वाजवू नकोस हं. हे थांबतील.

ड्रायव्हर : फार विनोदी झालायस. आज एक नियम. कान उघडे ठेवून ऐक, कंडक्टर.

कंडक्टर : ऐकतोय.

ड्रायव्हर : नाडीला झटका द्यायचा नाही. एकदा नाही, दोनदा नाही, अजिबात नाही. वळायचं असेल तर तोंडाने सांग. खड्डा असेल तर तोंडाने सांग. एक जरी झटका आला तरी मी जागच्या जागी नाडी काढीन आणि हिच्या सायकलला धरून घरी जाईन. मग संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबायची गरज नाही.

कंडक्टर : कबूल.

ड्रायव्हर : कबूल काय, तुझ्या कबुलीला किती किंमत आहे ते मला माहीत आहे.

बायको : अहो, निघा ना! पाऊल उचला. उजवं आधी.

कंडक्टर : माझं डावं, तुमचं उजवं. हं, चला, चला. पुढे चला.

ड्रायव्हर : प्रवासी नाहीये मी.

कंडक्टर : सवय हो. तोंडातून जातं... सरळ रस्ता आहे. डावीकडे फुटपाथची कड आहे, हातभर लांब. सरळ. सरळ.

ड्रायव्हर : एकदा सरळ म्हटलं की कळतं मला.

कंडक्टर : न बोललो तर म्हणता तोंड बंद पडलं. बोललो तर बोलू नको.

ड्रायव्हर : कामाचं बोल. आणि मला मागे खेचू नकोस.

कंडक्टर : खेचत नाहीये. हळू पळतोय. आजचा पहिला टप्पा हळूच पळायचा आहे, क्लबच्या बाईंनी सांगितलंय.

बायको : बाई म्हणाल्या, पहिला टप्पा असा पळायचा की पळता पळता बोलता आलं पाहिजे. तुम्हाला तर भांडता येतंय. म्हणजे वेग अगदी बरोबर आहे!

ड्रायव्हर : उंटावरून शेळ्या हाकू नकोस. खाली उतर आणि पळून बघ.

बायको : मी कशाला पळू? मला घरात काय कमी पळावं लागतं तुमच्या दोघांच्या मध्ये?

कंडक्टर : पुढे उजवं वळण आहे. मोठं. अजून वेळ आहे... येतंय... आलं. वळतोय. वळलो. सरळ.

ड्रायव्हर : हे. हे असं त्या दिवशी का नाही बोललास?

कंडक्टर : दम नव्हता.

ड्रायव्हर : काय?

कंडक्टर : दम नव्हता म्हटलं. चौकात ढोल वाजत होते, कर्णा ओरडत होता, आणि माझ्या छातीत वारा शिल्लक नव्हता. "डावीकडे" म्हणायला तोंड उघडलं तर नुसतं फस्स झालं. वळण तर समोर आलेलं. मग नाडी ओढली.

ड्रायव्हर : ओढली नाहीस. झटका दिलास. एकच.

कंडक्टर : डावीकडे दिला होता.

ड्रायव्हर : डावीकडे दे नाहीतर आकाशात दे. एक म्हणजे एक. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबव. अख्खी नोकरी तू माझ्या डोक्यावर दोरी ओढलीस. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की निघ. हे माझ्या डोक्यात नाही, पायात जाऊन बसलंय. झोपेतसुद्धा हिने घड्याळाचा गजर एकदा दाबला तर माझा पाय पलंगाच्या लाकडावर जातो.

बायको : जातो. मीच लाथ खाल्लीये.

कंडक्टर : मला काय माहीत तुम्ही भर शर्यतीत ब्रेक माराल म्हणून! माणूस पळताना कधी एकदम गपकन थांबतो का?

ड्रायव्हर : बेल वाजली की थांबतो. आणि मागचे आले अंगावर. ती एक बाई माझ्या पाठीवर आदळली. तिचा चष्मा फुटला. फुटलेल्या काचेवर माझाच बूट पडला आणि सगळे म्हणाले, जाऊ द्या, बिचाऱ्यांना दिसत नाही. बिचाऱ्यांना! बेल तू दिलीस आणि बिचारा मी झालो.

कंडक्टर : मी माफी मागितली त्या बाईंची.

ड्रायव्हर : माझी नाही मागितलीस.

कंडक्टर : तुमची कशाला मागू? सुरुवातीला कोण सुटलं होतं वखवखल्यासारखं? बाई घसा फोडून सांगत होत्या, पहिला किलोमीटर हात राखून पळा, शेवटाला काहीतरी शिल्लक ठेवा. तुम्ही ऐकलंत? शिट्टी वाजली आणि तुम्ही निघालात, जणू डेपोचं फाटक बंद होणार आहे! मी नाडीच्या टोकाला लोंबकळत होतो नुसता. माझा दम तुम्ही पहिल्या किलोमीटरात संपवलात आणि मग मला विचारता, वळणावर बोलला का नाहीस.

ड्रायव्हर : माझ्याबरोबर पळणाऱ्याचा दम माझ्यापेक्षा जास्त असायला पाहिजे. हा साधा हिशोब आहे. तुझं पोट बघ. म्हणजे मी बघू शकत नाही, पण ऐकू येतं. दोन माणसं पळतायत आणि तिसरं काहीतरी हिंदकळतंय.

बायको : अहो, जिभेला काही हाड?

ड्रायव्हर : खोटं बोललो का?

बायको : आज येतंय का ऐकू? खरं सांगा. आज तो मघापासून बडबडतोय आणि भांडतोय तुमच्याशी, एकदा तरी धाप लागली त्याला?

ड्रायव्हर : ...आज हळू पळतोय आपण.

बायको : शर्यत झाल्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकटा पळतो तो. ह्याच रस्त्याने. मी भाजी आणायला जाते तेव्हा दिसतो. आणि तोंडाने एकटाच बोलत असतो मोठमोठ्याने. डावीकडे, उजवीकडे, खांब, कड, कुत्रं. लोक वेड्यात काढतात त्याला.

कंडक्टर : ताई, तुला कोणी विचारलं होतं?

बायको : कोणीच काही विचारत नाही ह्या घरात, म्हणून तर सगळं सडलंय.

ड्रायव्हर : एकटाच बोलतो?

कंडक्टर : पळताना बोलायची सवय व्हावी म्हणून. बाईंनीच सांगितलं. नुसतं पळून दम वाढतो, पण बोलायचा दम वेगळा असतो म्हणाल्या.

ड्रायव्हर : हं.

कंडक्टर : हं काय?

ड्रायव्हर : काही नाही. वरातीमागून घोडं. खांब कुठे आहेत?

कंडक्टर : आता पन्नासेक पावलांवर पहिला. तिथून पुढच्या खांबापर्यंत जोरात, त्याच्या पुढच्यापर्यंत हळू, परत जोरात. तुमचं तोंड मात्र जोरातल्या टप्प्याला बंद ठेवा.

ड्रायव्हर : तू खांब सांग.

कंडक्टर : सांगतो... येतोय... येतोय... खांब! पुढे चला!

ड्रायव्हर : ...

कंडक्टर : सरळ. सरळ आहे. हात सोडा मोकळा, खांदा आवळू नका. सरळ. कड लांब आहे. समोर कोणी नाही. येतोय... येतोय... खांब! उतरा. म्हणजे, हळू. हळू करा.

ड्रायव्हर : बरगडीखाली... कळ आली.

कंडक्टर : श्वास सोडा पूर्ण. तोंडाने. रिकामं करा आधी, मग घ्या. त्या दिवशी पण हीच कळ आली होती, पण कबूल कोण करतंय!

बायको : पाणी देऊ?

ड्रायव्हर : नको. पाणी नको, चप्पल नको, काठी नको, काही नको. घरात तेवढंच चाललंय दिवसभर. चहा हातात आणून देतेस. कपाचा कान माझ्या बोटाकडे वळवून देतेस. दाराबाहेर पडायचं तर कोपर धर. माझ्या मालकीच्या दोन खोल्यांत मी पाहुणा झालोय.

बायको : कप न वळवता दिला होता, तर तुम्ही मांडीवर सांडून घेतलात.

ड्रायव्हर : सांडू दे ना! माझी मांडी आहे! ...तुला कळत नाही. दोघांनाही कळत नाही. पळताना तेवढं मी कोणाचं कोपर धरत नाही. तोंडावर वारा येतो. तोच वारा, गाडीच्या खिडकीतून यायचा तो. शिट्टी वाजली तेव्हा तो वारा आला आणि मला वाटलं, मी चालवतोय. खरंच वाटलं. म्हणून सुटलो तसा. आणि ऐन रंगात हा थांबवतो. एकदा गाडी थांबवली माझी, एकदा पाय थांबवले. दोनदा थांबवलंस तू मला.

कंडक्टर : आता गाडी काढू नका मध्ये.

ड्रायव्हर : का? टोचते?

कंडक्टर : खांब येतोय.

ड्रायव्हर : खांब गेला चुलीत! चौकशीला मी खुर्चीवर बसलो होतो. साहेब म्हणाले, तुमच्या नजरेबद्दल तक्रार आहे. मी म्हटलं, कोणाची? प्रवाशांपैकी कोणी? साहेब म्हणाले, नाही, तुमच्याच गाडीच्या कंडक्टरची. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ! त्याच्या लग्नाआधी मी घरात भाकरी देत होतो त्याला. आणि तो डेपोत जाऊन सांगतो, ह्या माणसाला दिसत नाही. घरभेद्या, दुसरं काय म्हणायचं तुला?

कंडक्टर : जे म्हणायचं ते म्हणा. गेली दोन वर्षं म्हणतच आहात.

ड्रायव्हर : मग लाज वाटली पाहिजे.

कंडक्टर : लाज? डेपोत त्या दिवसापासून माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. डबा एकटा खाल्ला मी. कोणताही ड्रायव्हर माझ्याबरोबर ड्युटी घ्यायला तयार नव्हता. म्हणायचे, ह्याच्यासमोर डोळे चोळू नका रे, नोकरी घालवेल. शेवटी पासच्या खिडकीवर बसवलं मला. ही नाडी येईपर्यंत ताईच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ती खिडकीवर यायची मला भेटायला, पास काढायचं नाटक करून.

ड्रायव्हर : तू जात होतीस?

बायको : जात होते. माझा भाऊ आहे तो. तुम्ही भांडलात, मी नाही.

ड्रायव्हर : वा! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

बायको : कुत्रं कोणाला म्हणालात? सायकल अंगावर घालीन! ह्याला ह्या नाडीला बांधायला मीच बोलावून आणलंय. आधी तुमच्याबरोबर पळायची त्या क्लबातल्या पोरीचा पाय मुरगळला तेव्हा चार दिवस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होतात. जेवत नव्हतात. दुसरं कोणी मिळत नव्हतं. हा एका शब्दाने आला. आणि तुम्ही पहिल्या दिवशी त्याला काय म्हणालात? "आलास? आता माझे पाय पण जमा करून टाक डेपोत."

कंडक्टर : जाऊ दे, ताई.

बायको : का जाऊ दे? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच माणूस.

ड्रायव्हर : त्याने मला तोंडावर सांगायला हवं होतं! मर्दासारखं! पाठीमागे जाऊन नव्हे!

कंडक्टर : सांगितलं नव्हतं?

ड्रायव्हर : कधी?

कंडक्टर : डेपोच्या नळावर सांगितलं. दाजी, कडेचं तुमच्या नजरेतून सुटतंय, डोळे दाखवून घ्या. तुम्ही म्हणालात, तू तिकिटं फाड. घरी येऊन सांगितलं, ताईसमोर. तुम्ही ताट सरकवून उठलात. परत सांगितलं तर म्हणालात, तुला बहिणीचं घर बघवत नाही.

बायको : म्हणाला होतात. मी होते तिथे.

ड्रायव्हर : मला समोरचं स्वच्छ दिसत होतं.

कंडक्टर : समोरचं. नळीतून बघावं तसं. कडेचं काही नाही. शेवटचे कित्येक महिने गाडी कोण चालवत होतं, दाजी? तुम्हाला वाटतं तुम्ही चालवत होतात?

ड्रायव्हर : तोंड सांभाळ.

कंडक्टर : मी तिकिटं सोडून पुढच्या दाराच्या पायरीवर उभा राहायचो. डावीकडून सायकलवाला घुसला, सिंगल. हातगाडी आली, सिंगल. तुम्ही थांबायचात आणि वैतागून विचारायचात, कोण उतरतंय रे? मी म्हणायचो, उतरणार होता, बसला परत. प्रवासी माझ्याकडे बघायचे, ह्याला वेड लागलं का, मध्येच बेल मारतो. मी दात काढायचो नुसता.

ड्रायव्हर : एखाददुसऱ्या वेळेला झालं असेल.

कंडक्टर : रोज. आणि ती बाई?

ड्रायव्हर : कोण बाई?

कंडक्टर : शाळेच्या थांब्याच्या अलीकडची. ज्या दिवशी तुम्ही मला भर गाडीत आईवरून शिवी दिलीत.

ड्रायव्हर : ती शिवी तू कमावली होतीस. थांबा नसताना सिंगल मारलीस. अख्खी गाडी पुढे झुकली. एका म्हाताऱ्याच्या पिशवीतले कांदे माझ्या पायाशी घरंगळत आले. मी विचारलं, कोण उतरतंय? तू म्हणालास, कोणी नाही, चुकून वाजली. मग शिवी नाही तर काय हार घालू?

कंडक्टर : चुकून नव्हती वाजली.

ड्रायव्हर : तूच म्हणालास.

कंडक्टर : गाडीत चाळीस माणसं बसली होती. त्यांच्यासमोर काय म्हणू? डावीकडून एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्त्यात उतरली होती. तुमच्या अगदी पुढ्यात आली ती. तुम्ही थांबलात तेव्हा तिने एक हात आपल्या गाडीच्या नाकावर टेकवला होता, दाजी. असा. म्हणजे तळहाताने बस मागे लोटता येईल असं वाटलं असावं तिला. दुसऱ्या हातात ती ढकलगाडी. आणि तुम्ही वर बसून, तिच्या डोक्यावरून समोर बघत, मला विचारत होतात, कोण उतरतंय?

बायको : हे... हे मला नाही सांगितलंस कधी.

कंडक्टर : कोणालाच नाही सांगितलं. साहेबांनाही नाही. नुसतं म्हटलं, नजर कमी झालीये, तपासा. ते सांगितलं असतं तर नोकरी जाऊन वर खटला झाला असता. ती पलीकडे पोचेपर्यंत थांबलो आणि डबल दिली. संध्याकाळी डेपोत गेलो. दुसऱ्या दिवशी परत त्या पायरीवर उभं राहायची छाती नव्हती माझी. एखाद्या दिवशी मी सुटे मोजत असतो तर?

ड्रायव्हर : खोटं.

कंडक्टर : बरं.

ड्रायव्हर : आज रचलंयस हे. संध्याकाळी नाव कापलं जाणार म्हणून. दोन वर्षं मूग गिळून बसलास आणि आज बरी बाई आठवली!

कंडक्टर : बरं म्हटलं ना. खोटं. धरा खोटं.

ड्रायव्हर : मला दिसली असती. माणूस पुढ्यात उभा असेल तर दिसतोच. मी काय... इतका काही... नाही. खोटं आहे.

बायको : अहो, थांबा जरा. पाणी प्या. चेहरा बघा कसा झालाय तुमचा.

ड्रायव्हर : थांबायचं नाही! खांब सांग, कंडक्टर.

कंडक्टर : आजच्यासाठी पुरे, दाजी.

ड्रायव्हर : खांब सांग म्हणतो ना! अजून दोन टप्पे राहिलेत. ते पुरे करायचे आणि मग तुझं तोंड नाही बघायचं मला. बघायचं नाही म्हणजे... कळलं ना तुला.

कंडक्टर : कळलं. येतोय. हळू वळतोय उजवीकडे, ही मागची गल्ली. येतोय... खांब. चला.

ड्रायव्हर : आणखी जोरात.

कंडक्टर : जोरातच आहे. सरळ. सरळ. खांदा सोडा.

ड्रायव्हर : आणखी! पळता येत नाही का? रोज संध्याकाळी काय कवायत करतोस? ये की! ये!

कंडक्टर : सरळ... दाजी, इतकं नको... सरळ आहे, सरळ...

(नाडीला एकच झटका. पावलं जागच्या जागी थांबतात. मागे सायकलचा ब्रेक करकरतो.)

ड्रायव्हर : दिलास. दिलासच शेवटी.

कंडक्टर : दाजी...

ड्रायव्हर : झालं. संपलं आपलं. ही घे तुझी नाडी. सुटत का नाही ही... ए, सायकल कुठे आहे तुझी? मला घरी ने.

बायको : अगं आई गं.

ड्रायव्हर : आईला कशाला बोलावतेस? सायकल आण.

बायको : अहो, हलू नका. पाया पडते तुमच्या, हलू नका.

ड्रायव्हर : कोण उतरतंय इथे? कशाला थांबवलंस? बोल. आज तर दम आहे ना तुझ्यात?

कंडक्टर : बोलायला वेळ नव्हता. उजवा पाय पुढे सरकवा. उचलायचा नाही. जमिनीला घासत न्या. थोडा... अजून थोडा...

ड्रायव्हर : ...

कंडक्टर : लागली कड?

ड्रायव्हर : पुढे जमीन नाहीये.

कंडक्टर : नाही. चर खणलाय, रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाइप टाकायला असेल. काल संध्याकाळी मी पळालो तेव्हा नव्हता. दोरी नाही, फलक नाही, काही नाही. काठाला नुसती ओली माती, रस्त्याच्याच रंगाची. मलाच शेवटच्या पावलाला दिसला.

ड्रायव्हर : खोल आहे?

कंडक्टर : छातीपर्यंत जाल. तळाला लोखंडी पाइप पडलेत.

बायको : मला तर मागून काहीच दिसलं नाही हो. मी तशीच आले असते सायकल घेऊन थेट आत...

ड्रायव्हर : तू खाली बस जरा. सायकल आडवी टाक आणि बस.

बायको : तुम्ही मागे या आधी.

ड्रायव्हर : येतो. थांब. ...मातीचा गोळा पडला बघ आत. उशिराने आवाज आला. खरंच खोल आहे.

कंडक्टर : खरंच म्हणजे? ह्यातही खोटं वाटलं होतं?

ड्रायव्हर : पाय लावून बघितलं. त्या दिवशी गाडीतून उतरून बघायला हवं होतं.

कंडक्टर : मागे या आधी, दाजी.

ड्रायव्हर : मी उतरलो नाही. शिवी दिली आणि बसून राहिलो.

कंडक्टर : गर्दीची वेळ होती.

ड्रायव्हर : गर्दी कसली. ढकलगाडीत मूल होतं का रे? का रिकामीच होती?

कंडक्टर : होतं. टोपी घातलेलं. झोपलं होतं. उठलंसुद्धा नाही.

ड्रायव्हर : आता शाळेत जात असेल.

कंडक्टर : बालवाडीत तरी.

ड्रायव्हर : हं.

बायको : घरी जाऊ या का आता? पुरे झालं आजचं. तुम्हाला हवं तर माझ्या कोपराला धरा. सायकल हा घेईल हातात.

ड्रायव्हर : एक टप्पा राहिलाय ना अजून?

कंडक्टर : राहिलाय. पण आल्या वाटेने मागे वळावं लागेल.

ड्रायव्हर : मग वळव. पीळ पडलाय नाडीला, तो आधी काढ. मनगटाला रुततोय.

कंडक्टर : हात पुढे करा... हं. आता नीट बसली. वळा, माझ्या बाजूने. आणखी थोडं. झालं. समोर मोकळा रस्ता आहे.

ड्रायव्हर : त्या दातवाल्याला काय सांगायचं ते तूच सांग संध्याकाळी. तो फार बोलतो. आणि तुझं पोट अजून हिंदकळतंय, ते कमी कर.

कंडक्टर : करतो. चला मग.

ड्रायव्हर : ...

कंडक्टर : दाजी, चला ना. उभे का राहिलात? मोकळा आहे म्हटलं रस्ता.

ड्रायव्हर : तोंडाने काय सांगतोस? डबल दिल्याशिवाय माझी गाडी कधी हलली आहे का?